सह्याद्रीचा काठ आणि मुंबईचा उतार

मुंबईची उपनगरे आणि सह्याद्रीचा घाटमाथा एकाच मोठ्या भूभंगाने घडवले. त्या भंगात एक बाजू खचली आणि दुसरी उचलली गेली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर खचलेल्या बाजूवर वसली आहेत; खंडाळा, भीमाशंकर, कळसूबाई उचललेल्या काठावर आहेत.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर साचले. त्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे सुमारे 6.3 कोटी वर्षांपूर्वी, आजच्या सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून तुटू लागला. आज तो मुंबईपासून 3,000 किलोमीटरहून अधिक दूर आहे. भूकवच असे ताणले गेले की ते पातळ होते, त्यात प्रस्तरभंग पडतात आणि मधली पट्टी खाली बसते. हीच खचदरी. पूर्व आफ्रिकेत ही क्रिया अजून चालू आहे, तांबड्या समुद्रात ती पुढे जाऊन पाणी आत शिरले आहे, तर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर दरीचा महासागर होऊन गेला.

खचल्याची खूण मुंबईच्या खडकांतच आहे. नेरळजवळ माथेरानच्या कड्यात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेल-कल्याणच्या पश्चिमेला मात्र तेच थर समुद्राकडे कलू लागतात आणि मुंबईत हा कल ठिकठिकाणी 10 ते 15 अंशांचा आहे. मलबार हिल आणि वरळीच्या टेकड्यांचे पूर्वेकडचे अंग उभे आणि पश्चिमेकडचा उतार सौम्य आहे, ते याच कलामुळे. जिथे थर वाकतात त्या पट्ट्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीचे गरम पाण्याचे झरे याच कमकुवत पट्ट्यात येतात. थर कसे वाकले यावर एकमत नाही. काहींच्या मते ताणलेले कवच समुद्राच्या बाजूला वाकत गेले. काहींच्या मते किनाऱ्याजवळच्या एका वक्र प्रस्तरभंगावरून घसरताना थर कलले.

हा ताण पडत असतानाच उपनगरांच्या जागी ज्वालामुखीचा शेवटचा टप्पा चालू होता. मनोरीचा ट्रॅकाइट हा ज्वालामुखी खडक सुमारे 6.2 कोटी वर्षांचा, म्हणजे सह्याद्रीच्या मुख्य लाव्हाहून तरुण आहे. कान्हेरीची लेणी ज्वालामुखीच्या स्फोटांतून साचलेल्या खडकात कोरली आहेत. अंधेरीची सुमारे 61 मीटर उंचीची गिल्बर्ट हिल म्हणजे उभ्या बहुकोनी खांबांची जुडी आहे. लाव्हाचा जाड साठा सावकाश थंड होत आकसला तेव्हा हे खांब पडले. भोवतालचा दगड खाणींनी काढून नेला, म्हणून ते आज इतके उघडे दिसतात. अशी साक्ष शहराच्या मध्यभागी उरणे फार दुर्मीळ आहे, आणि ती जपलीच पाहिजे.

आता उचललेल्या बाजूकडे. भूकवच खालच्या प्रावरणावर तरंगते. दरी खचताना काठावरचा भार हलका होतो आणि खालून आलेली उष्णताही कवचाला वर रेटते. माल उतरवलेली होडी जशी पाण्यात वर येते, तसा दरीचा काठ वर येतो. उचललेली जमीन समुद्राच्या विरुद्ध बाजूला हलकी कलते. त्यामुळेच भीमाशंकरला उगम पावणारी भीमा आणि महाबळेश्वरची कृष्णा, अरबी समुद्र इतका जवळ असूनही, शेकडो कोस वाहून बंगालच्या उपसागरात जातात.

झीज मात्र पश्चिमेकडून होते. समुद्राकडचा उतार उभा असल्याने तिथल्या ओढ्यांना जोर मोठा. ते उगमाकडे कड्यात मागे-मागे चरत जातात, कड्याचा पाया पोखरला की वरचे बसाल्ट कोसळते आणि कडा पूर्वेला सरकतो. मागे सरकताना त्याने काही तुकडे सोडले. माथेरान, प्रबळगड, मलंगगड हे घाटमाथ्यापासून सुटून कोकणात उभे राहिलेले असेच अवशेष आहेत.

हा कडा कोट्यवधी वर्षे सारख्याच वेगाने मागे गेला असे वाटणे साहजिक आहे, पण पुरावा वेगळे सांगतो. घाटापासून खाली, कोकण-गोव्याच्या सखल पट्टीत सापडणाऱ्या जुन्या जांभ्यातील मँगनीज खनिजांचे वय साडेचार कोटी वर्षांच्या आसपास निघाले आहे. जांभा तयार व्हायला मोकळी, सपाट जमीन लागते. म्हणजे तोवर कडा बराच मागे हटलेला होता. मोठी माघार पहिल्या दीड-दोन कोटी वर्षांतच उरकली आणि नंतरची चाल मंदावली, असा याचा सरळ अर्थ.

झिजलेला सह्याद्री बुटका का झाला नाही, याचे उत्तर पुन्हा भारातच आहे. कड्यावरून खडक वाहून गेला की हलकी झालेली जमीन आणखी थोडी वर येते, म्हणून कळसूबाई आजही 1,646 मीटरवर आहे. उलट वाहून गेलेला गाळ समुद्रतळावर साचला आणि त्याच्या ओझ्याने तिथला तळ आणखी दबला. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, या खचलेल्या बाजूच्या बसाल्टवर साचलेल्या थरांपैकी चुनखडीच्या थरांत 1974 साली ‘मुंबई हाय’चे तेल सापडले.