वेताच्या काठीवर उभा राजेशाही खेळ

हिवाळ्यातली दुपार. जयपूरच्या सी-स्कीममधली बंगल्यांची शांत वस्ती ओलांडून रामबागेकडे वळले की हिरवेगार पोलो मैदान दिसते. आठ घोडी उधळलेली, हिरवळीवर टापांचा गडगडाट, मधूनच एक कोरडा ‘टक्’ आवाज आणि पांढरा चेंडू दूर गेलेला. एवढ्यात दोन काठ्या एकमेकींत अडकतात, एक कडाडून मोडते. खेळाडू तुटका दांडा टाकून सीमारेषेकडे धाव घेतो. तिथे उभा असलेला मदतनीस तेवढ्याच लांबीची दुसरी काठी वर करून धरतो. खेळाडू ती धावत्या घोडीवरूनच उचलतो आणि पुन्हा खेळात मिसळतो.

प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या घोडीला आणि खेळाडूला. मोडलेली काठी कोणी बनवली होती आणि तिच्या जागी आलेली कोणी, हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. पण घोडी कितीही चपळ असली आणि मनगट कितीही तयार असले, तरी चेंडूला लागते ती काठीच. आणि ही काठी आजही माणसाच्या हातानेच घडते.

जयपूर आणि पोलो

आधुनिक पोलोचे मूळ आपल्याच देशात, मणिपुरात. तिथल्या ‘सगोल कांगजेइ’ या खेळावरून इंग्रज चहामळेवाल्यांनी तो उचलला आणि १८५९ मध्ये आसामातल्या सिल्चरला पहिला पोलो क्लब निघाला. पुढे लष्कराने आणि संस्थानिकांनी तो आपलासा केला. जयपूरचे महाराज सवाई मानसिंह (दुसरे) यांनी तर त्याला वेडच लावून घेतले. १९३३ मध्ये त्यांचा संघ इंग्लंडला गेला आणि तिथल्या त्या मोसमातल्या मोठ्या स्पर्धा जिंकून परतला. १९५७ मध्ये फ्रान्समधल्या दोव्हिलला भारतीय संघ विश्वविजेता ठरला, त्यातही मानसिंह होते. १९७० मध्ये इंग्लंडमध्ये पोलो खेळतानाच त्यांचे निधन झाले.

या कथेला एक मराठी धागाही आहे. मानसिंहांची तिसरी पत्नी गायत्रीदेवी म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची नात. त्यांच्या आई इंदिराराजे या सयाजीरावांच्या कन्या. लहानपणी कोलकात्याच्या घरी पोलोच्या मोसमासाठी आलेले मानसिंह पाहुणे म्हणून उतरले, तेव्हा गायत्रीदेवींनी त्यांना प्रथम पाहिले. १९४० मध्ये त्या जयपूरच्या सूनबाई झाल्या.

संस्थाने गेली, पण जयपूरचा पोलो टिकला. १९५३ मध्ये उभी राहिलेली ६१ वी कॅव्हलरी ही लष्कराची घोडदळाची पलटण या शहराशी जोडली गेली. क्लब, खासगी संघ, हॉटेलवाले आणि हौशी उद्योगपती आले. खेळणारे आले की घोडी, खोगीर, बूट आणि काठ्या यांची गरज आलीच. या गरजेवरच जयपुरातले काठी बनवणारे मोजके कारागीर जगतात.

मापाचे कपडे, मापाची काठी

दिसायला काठी साधी. एक लांब दांडा, खाली आडवे लाकडी डोके, वर मूठ. पण दोन खेळाडूंची काठी सहसा सारखी नसते. लांबी साधारण ४८ ते ५४ इंच, म्हणजे चार ते साडेचार फूट. पोलोची घोडी खांद्यापाशी साधारण पाच फूट उंच असते. घोडी उंच असेल तर काठी लांब हवी, आणि खेळाडूच्या हाताची लांबीही मोजावी लागते. खेळाडू दर डावाला घोडी बदलतो, त्यामुळे त्याला ५१, ५२, ५३ इंचांच्या वेगवेगळ्या काठ्या जवळ ठेवाव्या लागतात. काठी मात्र उजव्या हातातच धरायची, डावखुऱ्यालाही सूट नाही.

दांड्याचा वेत ‘मनाऊ’ जातीचा, मलेशिया-इंडोनेशियाच्या जंगलातला. बांबू आतून पोकळ असतो, हा वेत मात्र भरीव आणि तरीही लवचीक. आलेला वेत वाकडातिकडा असतो. तो शेकून, दाबून सरळ करायचा. मग मुठीकडे जाड आणि डोक्याकडे बारीक होत जाईल असा तासायचा. एखादा दोर जास्त काढला की काठी खेळताना फटकन लवते, कमी काढला की ताठ राहते. नव्या खेळाडूला थोडी मऊ काठी सोपी जाते, मजबूत मनगटाच्या खेळाडूला ताठर आवडते. कारागीर काठीचे टोक जमिनीवर टेकवून हाताने दाबून पाहतो. ती किती वाकते, कुठून वाकते आणि सोडल्यावर किती झटकन सरळ होते, हे मोजायला यंत्र नसते.

डोके साधारण सव्वानऊ इंचांचे, सिगारेच्या आकाराचे. त्याला अर्जेंटिनाचे टिपा लाकूड किंवा मेपल वापरतात, काही ठिकाणी बांबूही. वजन बहुधा १७० ते २३० ग्रॅम. चेंडूला मार बसतो तो डोक्याच्या लांब बाजूने, हातोडीसारखा टोकाने नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसते. वेत डोक्यात घालण्याचे भोक सरळ काटकोनात पाडत नाहीत, त्याला किंचित कल असतो. खेळाडू घोडीवरून बाजूला झुकून मारतो, तेव्हा डोके जमिनीला समांतर यावे म्हणून हा कल. तो चुकला की चेंडू उडतो किंवा काठी मातीत रुतते. वेत भोकातून घालून पाचर आणि सरसाने पक्का केला जातो. शेवटी मूठ येते. तिच्यावर कापडाची किंवा रबराची गुंडाळी, आणि हाताभोवती वेढायचा पट्टा.

हे सारे करायला जे हात लागतात, त्यांत घरातल्या बाईचाही हात असतो, याची दखल क्वचितच घेतली जाते. नवरा वेत सरळ करतो, डोके बसवतो. मूठ आणि पट्ट्याचे काम बायको करते.

पैसा जातो कुठे?

पोलोला ‘राजांचा खेळ’ म्हणतात ते घोड्यांमुळे. एका तयार घोडीची किंमत लाखांत जाते, शिवाय दाणा, साईस, डॉक्टर हे वेगळेच. त्यामानाने काठी स्वस्त. परदेशात चांगली काठी दीडशे-दोनशे डॉलरला पडते, आपल्याकडे ती काही हजार रुपयांत मिळते.

पण हा हिशेब फसवा आहे. काठी ही चैनीची वस्तू नव्हे, रोज झिजणारी वस्तू आहे. धावत्या घोड्याचा पाय पडला, दोन काठ्या धडकल्या, डोक्याला चीर गेली की काम संपले. म्हणून जाणता खेळाडू चार-सहा काठ्यांखेरीज मैदानात उतरत नाही. मोडकीतून डोके शाबूत असेल तर ते नव्या वेतावर बसवायचे, वेत चांगला असेल तर नवे डोके लावायचे. दुरुस्तीवरही कारागिराची कमाई उभी असते. वेताच्या जुडीतले निवडक वेतच कामाचे निघतात, नापास झालेल्यांचा खर्च पास झालेल्यांवर पडतो. आणि मोसम हिवाळ्यातला. काम येते ते एकदम, उन्हाळ्यात हात रिकामे.

वेत उरेल का?

खरी चिंता वेगळीच आहे. मनाऊ वेताला एकच खोड येते. ते तोडले की रोप संपते, मुळातून पुन्हा फुटत नाही. जंगलातली तोड वाढत गेली तसा जाड, सरळ वेत दुर्मिळ झाला. इंडोनेशियाने २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यातच बंद केली. दुसरीकडे कार्बन आणि फायबरचे दांडे बाजारात आले आहेत. ते एकसारखे असतात, दमट हवेत फुगत नाहीत.

असे घडू शकते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातल्या देउलपूर गावात बांबूच्या मुळापासून पोलोचे चेंडू घडवले जात. एकेकाळी ते परदेशीही जात. मग प्लॅस्टिकचा चेंडू आला, तो न तुटता टिकू लागला, आणि गावातल्या कारागिरांनी एकेक करून काम सोडले.

काठीचे अजून तसे झालेले नाही. हातात घेतलेल्या वेताचा अंदाज, घोडीची उंची आणि माणसाचे मनगट यांचा मेळ घालणे यंत्राला जमलेले नाही. खेळाडू कारागिराकडे जातो, ‘गेल्या वेळेसारखी, पण जराशी मऊ’ एवढेच सांगतो आणि कारागीर मान डोलावतो. त्या ‘जराशी’चा अर्थ दोघांनाच कळतो.

प्रश्न इतकाच, की कारागिराच्या मुलाला तो अर्थ शिकावासा वाटेल का? मैदानावर काठी मोडली की दुसरी हाती देणारा माणूस सीमारेषेवर उभा असतो. कारागिराचा हात थकला, तर त्याच्या जागी कोण उभे राहणार, हे रामबागच्या टाळ्यांत ऐकू येत नाही.