हे कशाचं चित्र आहे?

पाच वर्षांच्या चिरंजीवांनी कागदभर निळा रंग फासला की घरातलं कुणीतरी विचारतंच, "काय काढलंस रे?" पोर गांगरतं आणि सुटका म्हणून सांगतं, "समुद्र."

नागपुरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे या प्रश्नाच्या वाटेलाच गेले नाहीत. रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन ते रंगाचे थर चढवत, खरवडत.

हा खेळ घरीही जमतो. जाड कार्डशीट, पोस्टर कलर, स्पंजचा छोटा रोलर. पिवळा थर पूर्ण वाळू द्यावा. त्यावर निळा फिरवून तो ओला असतानाच वर्तमानपत्राचा तुकडा दाबून उचलावा. खालचा पिवळा डोकावला की पोरं किंचाळतातच! (फरशीवर जुनी चादर आधीच अंथरलेली बरी.)

चौथ्या थरानंतर मात्र बहुधा चिखल होतो.