कर्णपटल निर्दोष, तरीही बाधिर्य

बाधिर्याचा रुग्ण आला की मळ, स्राव, शोथ अथवा कर्णपटलाचे छिद्र आपण प्रथम शोधतो. यांपैकी काहीही न आढळता श्रवण वर्षागणिक मंदावत असेल, तर वैद्याने एका अस्थिविकाराचे स्मरण अवश्य ठेवावे. आधुनिक वैद्यकात त्यास ‘ऑटोस्क्लेरोसिस’ म्हणतात. व्हिएन्नाचे कर्णरोगतज्ज्ञ पोलित्झर यांनी १८९३ मध्ये हा स्वतंत्र अस्थिविकार असल्याचे दाखवून दिले.

हातोडी, ऐरण व रिकीब या मध्यकर्णातील तीन अस्थी कर्णपटलाची कंपने अंतःकर्णातील द्रवापर्यंत पोहोचवितात. रिकीब ही शरीरातील सर्वांत लहान अस्थी. उंची जेमतेम ३ मिलिमीटर. तिचे तळपट अंतःकर्णाच्या अंडाकृती गवाक्षात बसलेले असते व ते मोकळेपणी हलले तरच ध्वनी पुढे जातो. शरीरातील इतर अस्थी आयुष्यभर झिजतात व पुन्हा भरतात. अंतःकर्णाभोवतीच्या अस्थीत मात्र ही क्रिया जवळजवळ थांबलेली असते. या विकारात ती तेथे पुन्हा सुरू होते. प्रथम सच्छिद्र व पुढे घट्ट अशी नवी अस्थी तयार होऊन तळपट जखडले जाते. क्वचित विकृती श्रवणशंखापर्यंत पसरते व ध्वनीची संवेदनाही क्षीण होते.

विकाराचा आरंभ बहुधा २० ते ४० या वयात होतो. स्त्रियांत तो पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो व अनेकदा कुलवृत्तात बाधिर्य असते. रुग्ण हळू आवाजात बोलतो, कर्णनादाची तक्रार करतो आणि गोंगाटात आपणास अधिक चांगले ऐकू येते, असे सांगतो. घरात तरुण सुनेला ‘लक्ष देत नाही’ असा बोल लागतो, त्यामागे कधी हीच अस्थी असते.

निदानाचा पहिला धागा प्रत्येक वैद्याच्या हाती आहे. ५१२ हर्ट्झचा नादकाटा कानामागील अस्थीवर ठेवल्यास कानासमोर धरल्यापेक्षा अधिक वेळ ऐकू आला, तर दोष ध्वनिवहनात आहे. कर्णपटल स्वच्छ असूनही असे आढळल्यास श्रवणमापन करवून घ्यावे.

सुश्रुतांनी उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगताना बाधिर्याची संप्राप्ती शब्दवह मार्गाच्या वात-कफजन्य अवरोधाने वर्णिली आहे. प्रस्तुत विकाराशी तिचे साम्य विचारार्ह असले, तरी दोन्ही एकच, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. कर्णपूरणाचे तेल अखंड कर्णपटलाच्या बाहेरच राहते, ते रिकिबीपर्यंत पोहोचत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

अमेरिकेतील जॉन शे यांनी १९५६ मध्ये जखडलेली रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम अस्थी बसविली. आज तळपटास सूक्ष्म छिद्र पाडून त्यात दांडी बसवितात. बहुसंख्य रुग्णांचे श्रवण सुधारते. तथापि अल्प प्रमाणात त्या कानाचे श्रवण पूर्णतः नष्ट होण्याचा धोकाही असतो. म्हणून शस्त्रकर्म नको असणाऱ्यांस श्रवणयंत्र हा उत्तम पर्याय आहे.

आमचे वैद्यबंधूंस व भगिनींस इतकेच निवेदन की, अशा रुग्णास महिनोन्‌महिने केवळ कर्णपूरणावर ठेवू नये. वातशमन, निद्रा व मनोबल यांची काळजी आपण घ्यावी. श्रवणमापनास मात्र विलंब नको. रुग्णास योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविणे हेही चिकित्सेचेच अंग होय.