भाड्याचे घर चौघांचे, करारनाम्यात नाव मात्र एकाचेच

पुणे : महाविद्यालयीन प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या, की पुण्यातील पेठा, कोथरूड, कर्वेनगर आणि विद्यापीठ परिसरात भाड्याच्या खोल्यांचा शोध सुरू होतो. वसतिगृहात जागा न मिळालेले परगावचे विद्यार्थी तिघे-चौघे मिळून सदनिका घेतात. भाडे किती, महाविद्यालय किती दूर, डबा मिळेल का, याची चौकशी बारकाईने केली जाते. करारनाम्यात नाव कोणाचे असेल, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. अनामत रक्कम, शासकीय भत्ता आणि सहनिवाशांमधील हिशेब यांचा निकाल पुढे बऱ्याच अंशी याच प्रश्नावर लागतो.

नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांना घर प्रामुख्याने ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने दिले जाते. या करारान्वये ठराविक मुदतीसाठी घर वापरण्याची केवळ परवानगी मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे. ही जबाबदारी घरमालकावर आहे. तिचे पालन न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या कलमात भाडेकरूच्या हिताची आणखी एक तरतूद आहे. नोंदणीकृत करार नसल्यास, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे अन्यथा सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरले जाते.

करार अकरा महिन्यांचा असल्याने नोंदणीची गरज नाही, असा एक समज रूढ आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने देशभर अकरा महिन्यांच्या कराराची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ मुळे अकरा महिन्यांच्या करारालाही सूट नाही. केवळ नोटरीसमोर केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. आधार पडताळणीच्या आधारे ही नोंदणी ऑनलाइनही करता येते.

खर्च किती येतो?

उदाहरणादाखल, दरमहा २४ हजार रुपये भाडे आणि ७२ हजार रुपये अनामत असलेली सदनिका अकरा महिन्यांसाठी घेतल्यास एकूण भाडे २ लाख ६४ हजार रुपये होते. त्यात अनामतीवरील दहा टक्के दराने गृहीत धरलेले व्याज मिळवून येणाऱ्या रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क आकारले जाते. ते सुमारे ७०० रुपये होते. शहरी भागातील एक हजार रुपये नोंदणी फी धरल्यास एकूण खर्च सुमारे १,७०० रुपये, म्हणजे चौघांत प्रत्येकी सव्वाचारशे रुपये येतो. नोंदणी करून देणाऱ्या एजंटाचे शुल्क वेगळे. पणाला लागलेल्या ७२ हजारांच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

नाव एकाचे की सर्वांचे?

नेहमीचा प्रकार असा, की एकाच्या नावे करार होतो आणि उरलेले तिघे त्याला आपापला वाटा देतात. अशा वेळी घरमालकाच्या दृष्टीने भाडे, नुकसानभरपाई आणि मुदतीआधी घर सोडल्यास होणारी वजावट यांना तो एकटाच जबाबदार ठरतो. उरलेल्या तिघांना अनामत परत मागताना घरमालकापुढे ठेवण्यासाठी कोणताही कागद नसतो.

चौघांनीही स्वाक्षरी केल्यास प्रत्येकाला हक्क मिळतो, तशी जबाबदारीही येते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार, वेगळे ठरले नसल्यास, एकत्रितपणे दिलेल्या वचनाची पूर्ण रक्कम घरमालक चौघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. ज्याने ती भरली, त्याला इतरांकडून समान वाटा वसूल करता येतो. त्यांपैकी एखाद्याने वाटा बुडवल्यास तो भार उरलेल्यांना सारखा वाटून घ्यावा लागतो. त्यामुळे सहनिवासी निवडताना स्वभाव जुळण्याइतकेच त्याच्या दरमहा पैशांची सोय कशी आहे, हे विचारणे महत्त्वाचे ठरते.

अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या विद्यार्थ्याला कायद्याने करार करता येत नाही. प्रथम वर्षाला प्रवेश घेणाऱ्या अशा विद्यार्थ्याच्या वतीने पालकांनी करार करणे योग्य ठरते.

नावामुळे काय मिळते?

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील पात्र विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांत तिच्याअंतर्गत भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. त्यासाठी भाड्याने राहत असल्याचा पुरावा मागितला जातो. मतदार नोंदणीच्या नमुना ६ सोबतही नोंदणीकृत भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. करारात नाव नसलेल्या सहनिवाशाला तो वापरता येत नाही.

कॉट बेसिस आणि पेइंग गेस्ट

खाटेपुरती जागा देणाऱ्या ‘कॉट बेसिस’ किंवा पेइंग गेस्ट व्यवस्थेत अनेकदा पावतीखेरीज काहीच दिले जात नाही. निदान त्या पावतीवर अनामत, ती परत करण्याची मुदत आणि जागा सोडण्यापूर्वी द्यावयाची सूचना यांचा उल्लेख असावा. अशा निवासावर जीएसटीची आकारणी होत असल्यास एक सवलत लक्षात ठेवावी. दरमहा प्रतिव्यक्ती २० हजार रुपयांपर्यंत शुल्क आणि सलग किमान ९० दिवसांचे वास्तव्य असल्यास जुलै २०२४ पासून हा कर माफ आहे.

अनामतीवर मर्यादा आहे का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी कमाल दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत सुचवली आहे. मात्र, राज्याने स्वीकारल्याखेरीज हा मसुदा तेथे लागू होत नाही. शिक्षणासाठी बंगळुरूला जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची तेथील जुनी प्रथा ठाऊक असते. दोन्ही शहरांत रक्कम बँकेमार्फत देणे आणि ताबा घेताना भिंती, नळ, पंखे व वीजमीटर यांची तारीखवार छायाचित्रे काढून ठेवणे हाच वजावटीच्या वादावरील सोपा उपाय आहे.

घर प्रत्यक्ष न पाहता ‘टोकन’ मागणाऱ्यांपासून सावध राहावे. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करता येते.

आपसांतला कागद

घरमालकाशी झालेल्या करारात सहनिवाशांचे आपसांतील व्यवहार येत नाहीत. त्यासाठी प्रत्येकाच्या भाड्याचा व अनामतीचा वाटा, वीजबिल, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार आणि मध्येच घर सोडणाऱ्याने किती दिवस आधी सांगावे, हे एका कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. जाणाऱ्याच्या जागी नवा सहनिवासी आल्यास त्याने अनामतीचा वाटा कोणाला द्यायचा, हेही त्यात असावे; नव्याचे नाव घरमालकाच्या संमतीने करारातही घालून घ्यावे. मुदत संपल्यावर नूतनीकरणाविना राहिल्यास कलम २४ नुसार दुप्पट दराने रक्कम भरावी लागू शकते. त्यामुळे परीक्षा कराराच्या मुदतीनंतर असल्यास वाढीव मुदतीचा कागद आधीच करून घेणे हिताचे.