नारिंगी वर्तुळाची साख

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव एके काळी निजामी अंमलात होते, पुढे परभणी जिल्ह्यात राहिले आणि १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आले. नरहर कुरुंदकरांच्या आडनावाने ते मराठी विचारविश्वाला परिचित आहे. परंतु त्याचा नित्याचा संसार हळदीवर चालतो, आणि ही हळद शिवारातून काढून, शिजवून, वाळवून, ढोलात घोळून मोंढ्यावर पोचेपर्यंत ट्रॅक्टरला जे डिझेल लागते, त्यामागे स्वातंत्र्योत्तर भारताच्या एका मोठ्या धाडसाचा इतिहास उभा आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातील तेलाचा व्यापार बर्मा-शेल, स्टँडर्ड-व्हॅक्युम आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांच्या जणू मक्त्यात होता. १९५१ पासून झालेल्या करारनाम्यांनुसार त्यांनी तुर्भे व विशाखापट्टणम येथे शुद्धीकरण कारखाने उभारले खरे. पण कच्चे तेल कोठून आणायचे, याची मुखत्यारी त्यांनी आपल्याच हाती ठेवली. म्हणूनच १९६० साली सोव्हिएत रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले आणि केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय यांनी ते शुद्ध करून देण्याची मागणी केली, तेव्हा या कंपन्यांनी साफ नकार दिला. हा नकार पचवून स्वस्थ बसण्याऐवजी शासनाने ३० जून १९५९ रोजी स्थापन केलेल्या इंडियन ऑइल कंपनीमार्फत तयार तेलच आयात करण्याचा मार्ग धरला, आणि १७ ऑगस्ट १९६० रोजी ‘उझगोरोद’ या सोव्हिएत जहाजातून डिझेलचा पहिला साठा मुंबईच्या पीर पाव धक्क्यावर उतरला. १९६४ साली इंडियन रिफायनरीज तीत विलीन होऊन आजचे इंडियन ऑइल कॉर्पोरेशन अस्तित्वात आले.

पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेला शेलचा शिंपला आणि कॅलटेक्सचा तारा यांच्यासमोर या नवख्या संस्थेला आपली मुद्रा रुजवायची होती. नारिंगी वर्तुळ, त्यावर आडवा निळा पट्टा आणि पट्ट्यात देवनागरी अक्षरे, असे तिचे चिन्ह रूढ झाले; ‘इंडेन’ या नावाने ती स्वयंपाकघरात शिरली, ‘सर्वो’ या नावाने यंत्रशाळेत, आणि किसान सेवा केंद्रांच्या रूपाने खेड्यांच्या रस्त्यांवर. एस्सो (पूर्वीची स्टँडर्ड-व्हॅक्युम), बर्मा-शेल आणि कॅलटेक्स या कंपन्या १९७४ पासून क्रमाक्रमाने शासनाच्या ताब्यात आल्या, तेव्हा तेलव्यवहार स्वदेशी हातांनी चालू शकतो, हे या संस्थेने आधीच सिद्ध केलेले होते.

तथापि इंधनाच्या व्यापारात चिन्हाचे मोल अन्य मालाहून निराळे असते. टाकीत गेलेले पेट्रोल ग्राहक पाहू शकत नाही, हाताळू शकत नाही. त्याने फलकावर विश्वास टाकलेला असतो. त्या विश्वासाची परीक्षा मात्र कोणासही घेता येते. फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकावा; शुद्ध असेल तर तो डाग न ठेवता उडून जातो. वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप मागावे. त्यात भरलेले इंधन २५ मिलिलिटरहून अधिक कमी भरता कामा नये. भेसळखोरांना रोखताना २०११ साली मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना प्राण गमवावे लागले, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या मापाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. कुरुंद्याच्या शेतकऱ्याने पंपावर ते माप निःसंकोच मागावे आणि चालकाने ते आदराने पुढे करावे. राष्ट्राने कष्टाने उभारलेल्या या मुद्रेची साख त्यानेच टिकेल.