उल्कापाषाणांचा संग्रह आणि विमा

उल्कापाषाण जमविणाऱ्याला चोराइतकेच भय घरच्यांच्या अज्ञानाचे असते. १९४७ साली रशियात कोसळलेल्या सिखोते-अलिन उल्केचा तुकडा आणि साधे लोखंड यांतील भेद सामान्य डोळ्यांना दिसत नाही; संग्राहकाच्या पश्चात तो भंगारात जाऊ शकतो. म्हणून रक्षणाचा आरंभ नोंदवहीपासून करावा. प्रत्येक नगाचे वजन, छायाचित्र, खरेदीची पावती व वर्गीकरणाचा दाखला तीत असावा.

त्यानंतर विमा. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत घरासोबत नित्याच्या सामानालाही संरक्षण मिळते. मौल्यवान व दुर्मिळ वस्तूंसाठी मात्र मान्य मूल्यावर आधारित ऐच्छिक संरक्षण वेगळे घ्यावे लागते. उल्कापाषाण त्यात समाविष्ट आहेत, असे कंपनीकडून लेखी घ्यावे आणि मूल्यांकनाचा दाखला जोडावा.

लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी वा कर्मचाऱ्याची लबाडी घडल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकेच. तीन हजार भाडे असेल तर तीन लाख रुपये.

लोहउल्केचा आणखी एक वैरी म्हणजे दमट हवा. उघड्या हाताने स्पर्श टाळावा. हवाबंद डबीत सिलिका जेल ठेवून पावसाळ्यात ते वारंवार बदलावे. गंजाची भरपाई विमा देत नाही.

वाचकहो, नोंदवहीची एक प्रत घराबाहेर ठेवा आणि मुलांना ती समजावून सांगा. दावा करण्याची वेळ कदाचित त्यांच्यावरच येईल.