पक्षी उडवून दाखवणार नाही!

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही एका धरणाच्या फुगवट्यावर रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, बघायला गेलो होतो. शे-दीडशे पक्षी उथळ पाण्यात माना खाली घालून निवांत खात होते. ते उडाले की पंखांतला लाल-काळा रंग दिसतो, हे मी इन्स्टाग्रामवर पाहिलेलं. होडीवाल्याला म्हटलं, "दादा, जरा जवळ घ्या की. उडाले तर फोटो मिळेल." आणि वर दोनशे रुपये ठेवले. त्यानं इंजिनाचा जोर वाढवला आणि होडी थेट थव्यात घातली. फोटो झकास आला. पुढे वर्षभर तोच माझा डीपी होता.

तो डीपी मी का काढला, ते सांगतो.

गेल्या जानेवारीत मी, बायको आणि सात वर्षांची लेक असे तिघं सिकंदराबादहून कोणार्क एक्सप्रेसनं ओडिशाला गेलो. ही गाडी मुंबईहून निघते, पुणे, सोलापूर करत आमच्याकडे येते आणि शेवटी चिलिका सरोवराच्या काठाकाठानं भुवनेश्वरला पोचते. या सरोवराच्या उत्तर टोकाला मंगळाजोडी नावाचं गाव आहे. भुवनेश्वरपासून साधारण सत्तर किलोमीटर. गावापुढे गोड्या पाण्याची मोठी दलदल पसरली आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत रशिया, मंगोलिया, मध्य आशिया अशा लांबच्या मुलखांतून पक्षी इथे मुक्कामाला येतात.

सकाळी सहाला आम्ही होडीत बसलो. होडी लाकडी, सपाट, बिनइंजिनाची. एक जण मागे उभा राहून बांबूनं ती ढकलत होता आणि पन्नाशीचे गाईडभाई पुढे बसले होते. दुर्बीण आम्हाला देऊन ते स्वतः नुसत्या डोळ्यांनी पाहत होते. "डावीकडे, लव्हाळ्यात, लाल चोच," असं ते हळूच म्हणायचे आणि आम्हाला ती जांभळी पाणकोंबडी सापडायला दोन मिनिटं लागायची. तलवार बदकं, चक्रवाक, शेकाटे, शराटी, आणि काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यांचे तर थवेच्या थवे. होडीपासून वीस-पंचवीस फुटांवर ते चिखलात चोची खुपसत होते आणि आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते.

माझ्यातला जुना फोटोग्राफर जागा झाला. मी हिंदीत म्हटलं, "भाई, थोडं आत घेऊ या का? हा थवा उडाला तर काय दिसेल!" खिशाकडे हातही गेला होता. गाईडभाई हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, "पक्षी उडवून दाखवणार नाही, बाबू. आपण होऊन उडाले तर बघा." लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कॅमेरा मांडीवर ठेवला.

मग होडी चालता चालता त्यांनी गावाची कथा सांगितली. हे गाव एके काळी शिकाऱ्यांचं गाव म्हणून ओळखलं जायचं. पक्ष्यांना विष घालायचं, फासे लावायचे, बंदूक चालवायची आणि मांस विकायचं, हा पुष्कळ घरांचा हिवाळ्यातला धंदा होता. पक्षी झपाट्यानं कमी झाले. वाइल्ड ओरिसा या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी शिकाऱ्यांशीच बोलणी सुरू केली आणि 2000 साली गावात श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली. काल शिकार करणारेच आज राखण करू लागले. पुढे गावकऱ्यांच्या सहभागातून पर्यटनासाठी मंगळाजोडी इकोटुरिझम ट्रस्ट झाला. 2018 मध्ये या ट्रस्टला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेचा पुरस्कार मिळाला.

"पूर्वी मीही मारायचो," गाईडभाई म्हणाले. "कुठला पक्षी कुठे झोपतो, कधी खातो, सगळं तेव्हाच शिकलो. तेच आज तुम्हाला दाखवतो." मी इंजिनीअर माणूस, मला यातला हिशेब लगेच कळला. मारलेलं बदक एकदाच विकलं जातं. जिवंत बदक मात्र रोज सकाळी नव्या होडीला दाखवता येतं, तेही पाच महिने. त्या पैशातून होडीवाल्याचं, गाईडचं, स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं घर चालतं. म्हणून रात्री कुणी जाळं लावायला आला, तर त्याला आधी गावच हटकतं. बाहेरून आलेला एखादा पहारेकरी दहा चौरस किलोमीटरच्या दलदलीत किती पुरा पडणार?

अर्थात एकट्या पर्यटनानं सरोवर वाचत नाही. चिलिका हे 1981 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण गाळानं समुद्राचं मुख बुजत गेलं, पाण्याचा खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी कमी झाली आणि 1993 मध्ये त्याचं नाव धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेलं. 2000 साली समुद्राकडे नवं मुख खोदण्यात आलं. मासळी परतली आणि 2002 मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर आलं. असं बाहेर पडणारं ते आशियातलं पहिलंच स्थळ. अलीकडच्या जानेवारीतल्या पक्षीगणनांमध्ये इथे दहा लाखांहून अधिक पक्षी मोजले गेले आहेत. पाणी सुधारणं हे सरकारचं आणि शास्त्रज्ञांचं काम, पण सुधारलेल्या पाण्यावर उतरलेला पक्षी जिवंत ठेवणं हे गावाचं काम. दोन्ही हवीत.

परतताना मी विचारलं, उडवलं तर खरंच एवढं बिघडतं का? गाईडभाईंचं उत्तर साधं होतं. हा पक्षी हजारो किलोमीटर उडून येतो, तेव्हा हाडं वर आलेली असतात. इथे तो खायला येतो. मार्चमध्ये पुन्हा तेवढंच उडायचं, त्यासाठी अंगावर चरबी साठवावी लागते. दिवसातून दहा होड्यांनी दहादा उडवलं, तर कमावलेलं सगळं तिथेच खर्च. काही दिवसांनी तो ती जागाच सोडतो. मग होडीवाल्याला दाखवायला काय उरणार? माझ्या दोनशे रुपयांनी मी त्या दुसऱ्या होडीवाल्याला हेच शिकवलं होतं, की पक्षी उडवले की जास्त पैसे मिळतात. दोष त्याचा नव्हता. तो माझीच मागणी पुरी करत होता.

म्हणून आता सहल ठरवण्याआधी मी फोनवर चार प्रश्न विचारतो. गाईड त्याच गावचा आहे का? पैसे गावात किती राहतात? होडी वल्ह्याची की इंजिनाची, आणि एका होडीत माणसं किती? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: तुम्ही कशाला नाही म्हणता? जो गाईड "घरट्याजवळ नेणार नाही, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणार नाही" असं आपण होऊन सांगतो, त्याच्याकडे डोळे मिटून जावं. आणि बक्षिसी द्यायचीच, तर त्या नाही म्हणण्याबद्दल द्यावी.

ओडिशाच गाठलं पाहिजे असंही नाही. इंदूरकरांना सिरपूर तलाव आणि यशवंत सागर, वडोदऱ्याच्या मंडळींना वढवाणा, गोवेकरांना कुडचड्याजवळचं नंदा तळं, ही सगळी रामसर स्थळं आहेत. बेळगावकरांना दांडेलीचे धनेश एका दिवसात भेटतात. ग्वाल्हेरहून चंबळ जवळ, तिथे पाणचिरा दिसू शकतो. आम्हा हैदराबादकरांना अमीनपूरचा तलाव आहे, ज्याला 2016 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. कोणार्कच्याच वाटेवर भिगवण लागतं. तिथे उजनीच्या फुगवट्यावर मासेमारी करणारी मंडळी हिवाळ्यात पक्षी दाखवतात.

आणखी एक काम आपल्या पिढीला सहज जमण्यासारखं आहे. काय पाहिलं, किती पाहिलं, याची यादी ईबर्ड या मोफत अॅपवर नोंदवा. 2023 च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थिती अहवालात 942 जातींचा अभ्यास झाला, तो तीस हजारांहून अधिक हौशी पक्षीनिरीक्षकांच्या अशाच तीन कोटी नोंदींवर. एका रविवारची सहलही त्यात मोजली जाते. नावं मराठीतून शिका. शंकर, शेकाट्या, तलवार बदक ही नावं मुलांच्या लगेच लक्षात राहतात. आमची लेक आता आजीला फोनवर ती पाठ म्हणून दाखवते.

त्या सकाळी आम्ही काठाला लागणार, इतक्यात आभाळात एक दलदली भोवत्या आला आणि पाणटिवळ्यांचा सगळा थवा एकदम उठला. हजारभर पंखांचा आवाज डोक्यावरून गेला. माझा कॅमेरा पिशवीत होता. गाईडभाई मागे वळून एवढंच म्हणाले, "बघितलंत?"

बघितलं. फोटो नाही, पण तिघांनी एकदमच बघितलं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी डीपी बदलला. आता तिथे लेकीचा फोटो आहे, दुर्बीण उलटी धरलेला.